गुडघ्याचा रोझेनबर्ग व्ह्यू: नडगीच्या माथ्याच्या दोन कडा का दिसतात?

एक्सरे_मिरज
उभ्याने, गुडघा ४५ अंश वाकवून पीए (किरण मागून पुढे) फिल्म घेतो. ट्यूब १० अंश खाली झुकवली तरी आतल्या बाजूला नडगीच्या माथ्याची पुढची आणि मागची कड वेगवेगळी येते, मग सांध्यातल्या दोन हाडांमधला गॅप मोजायचा कुठून? आणि सरळ उभ्याच्या एपीवर (किरण पुढून मागे) भागत नाही का?

बकी_आणि_ग्रिड
एपीवर भागत नाही. आतल्या बाजूची कूर्चा (हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण) बऱ्याचदा जिथे झिजते, तो भाग गुडघा ३० ते ६० अंश वाकल्यावर भार घेतो. म्हणून सरळ पायात गॅप बरा दिसतो आणि वाकवला की हाडाला हाड लागलेलं निघतं. १९८८ च्या रोझेनबर्गच्या लेखात २ मिमी किंवा जास्त गॅप कमी होणं म्हणजे कूर्चेची मोठी झीज धरली आहे.

आता कडांचं. ट्यूबला हात लावण्याआधी पावलं बघा. नडगी साधारण २० अंश पुढे झुकायला हवी. माथ्याला स्वतःचा सुमारे १० अंश मागे उतार असतो, तो वजा जाऊन उरतात १०, आणि किरण तेवढेच खाली झुकवायचे, म्हणजे ते माथ्याला समांतर जातात आणि दोन्ही कडा एकावर एक येतात. पावलं बकीखाली (फिल्म धरणारा उभा स्टँड) सरकली की नडगी उभी राहते, मागे राहिली की जास्त झुकते. दोन्हीत हिशोब बिघडतो. गुडघ्याच्या वाट्या आणि पायाचे अंगठे एकाच रेषेत, बकीला टेकलेले हवेत. वजन दोन्ही पायांवर सारखं. दुखऱ्या पायावरचा भार पेशंट नकळत काढून घेतो, आणि तिथला गॅप खोटा मोठा दिसतो.

एक्सरे_मिरज
ट्यूब ते फिल्म अंतर १०० सेंमी ठेवतो. सेंटरिंग (किरणांचा मध्य) वाटीवरच ना?

बकी_आणि_ग्रिड
वाटीच्या पातळीवर. पण १०० सेंमीवर १० अंश झुकवायचे तर ट्यूब त्या पातळीच्या १७-१८ सेंमी वर न्यावी लागते, हे हमखास राहून जातं. ग्रिडच्या (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) रेषा उभ्या असाव्यात. आडव्या असतील तर झुकवल्यावर फिल्म फिकी पडते.

सांधे_रेडिओलॉजी
माथ्याचा उतार प्रत्येकाचा वेगळा असतो. पावलं नीट असूनही कडा जुळल्या नाहीत, तर ५ किंवा १५ अंशांवर दुसरी घ्या. दोन कडांत १-१.५ मिमीपेक्षा जास्त अंतर असलेल्या फिल्मवर गॅपचा आकडा लिहू नका. गुडघा ४५ अंश वाकत नसेल तर जेवढा वाकला तो कोन आणि ट्यूबचा कोन फिल्मवर नोंदवा. पुढच्या वर्षीची फिल्म त्याच कोनात घेतली तरच तुलना करता येते.