फोटो नको, प्रश्न-उत्तरं सांगा

काही जण म्हणतात की आमदार रोज फेसबुकवर असतात म्हणजे लोकांना त्यांच्या कामाची माहिती मिळतेच, पण भाऊ, त्यात लग्न, वाढदिवस अन् भूमिपूजनाचे फोटोच जास्त. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडच्या केळीवाल्याला पाहिजे ते हे, की पीकविम्यावर तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात तो) टाकला का अन् मंत्र्यांनी उत्तर काय दिलं. प्रश्नांच्या याद्या विधिमंडळाच्या साईटवर असतात, पण बटणाच्या फोनवर माझी आई त्या कशा बघणार? नागपूरचं हिवाळी अधिवेशन संपलं की एक पानी कागद काढा, किती प्रश्न, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना) लागली का, आमदार निधीतून कोणत्या गावात किती रुपये, अन् ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवा. आमच्या गल्लीत गटारीच्या कामाचा बोर्ड लागला त्यात रकमेची जागा कोरीच, दोनदा विचारलं, कोणी सांगितलं नाही.