लुआर नदीकाठची सायकल टूर, किती दिवस ठेवू?

फ्रान्समधे लुआरच्या काठाने सायकलवर जायचंय, रोज ६० किमी जमतात पण वाटेतले राजवाडे पण नीट बघायचेत, कसं बसवू?

> पूर्ण रूट साधारण ९०० किमी आहे, सगळा करायच्या फंदात पडू नका. ब्लुआ ते तूर या दोन शहरांमधला पट्टा घ्या, आणि शांबोरच्या राजवाड्याला (१५१९ ला बांधायला घेतलेला) अर्धा दिवस तरी द्याच, आत शिरलं की वेळेचं भान राहत नाही. शेनोंसोचा राजवाडा मात्र शेर नदीवर, तिथे वाट वाकडी करावी लागते.

> आधी वारा बघा! बहुतेकदा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. मी उलटा गेलो आणि सपाट रस्त्यावर घाट चढल्यासारखा दमलो 😅

बापरे, मग दिशा बदलतो. राजवाडा बघताना सामानासकट सायकल बाहेर ठेवायची का?

> पासपोर्ट, पैसे हँडलबार बॅगेत, ती काढून सोबत न्या.