द्राक्षबागेत मेंढरं बसवायला हरकत काय?

निफाडची लेक, मुलुंड
परवा भावाच्या बागेत गेले होते. एक मजूर तोंडाला नुसता रुमाल बांधून ओळींमध्ये पॅराक्वाट हे तणनाशक मारत होता. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही! ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या वापरावर तर केंद्राने २०२२ मध्येच निर्बंध घातलेत. न्यूझीलंडात हिवाळ्यात पानं गळाली की बागेत मेंढ्या सोडतात. तण जातं, वर लेंडीखत मिळतं. आपला वेलींचा मांडव सहा-सात फूट उंच, मेंढीचं तोंड तिथवर पोचत नाही. (शेळी नको, ती दोन पायांवर उभी राहते.) धनगरांना धान्य देऊन आपण पिढ्यान् पिढ्या शेतात मेंढरं बसवतोय. मग बागेतच का नको?

दिंडोरीकर, दादर
ताई, मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं काय? डाऊनी या रोगासाठी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतो, ते पानावरून खाली गवतावरच ठिबकतं. आणि तांबं मेंढीला अजिबात सोसत नाही. आपला तणाचा खर्च वाचावा म्हणून धनगराचं बिऱ्हाड धोक्यात घालायचं, हे मला पटत नाही. न्यूझीलंडचा दाखलाही इथं लागू नाही. तिथं वेल थंडीत झोपते. आपल्याकडे एप्रिलला काढणीनंतरची खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी, वेलीला तशी झोप नाहीच. तण माजतं पावसात, तेव्हा काळ्या रानात खुरांनी जमीन दबून बसेल. आणि लव्हाळा हे तण? वरून खाल्ला तरी खालच्या गाठी शाबूत.

पशुवैद्य, गोरेगाव
तांब्याचा मुद्दा खरा आहे. ते यकृतात आठवडेच्या आठवडे साठतं, मेंढी चरत असते, काही कळत नाही. मग एकदम रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी. तोवर उशीर झालेला असतो. एका बागेतले दोन दिवस एक वेळ निभतील, पण कळप बागेमागून बाग चरत गेला तर बेरीज होत जाते.

निफाडची लेक, मुलुंड
पावसाळ्याचं मी मागे घेते. पण काढणी संपल्यावर, खरड छाटणीच्या आधी?

दिंडोरीकर, दादर
तेव्हा बरेच कळप कोकणात उतरलेले असतात.

निफाडची लेक, मुलुंड
मग कळप निघायच्या आधी, दिवाळीआधीच बोलणी करून ठेवू. आत्ताच भावाला फोन केला. निर्यातीची बाग, फवारणीची वही आहेच. शेवटचा बोर्डो कधी मारला ते धनगराला आधी दाखवायचं, त्यानं हो म्हटलं तरच वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) लावायची.

दिंडोरीकर, दादर
वही दाखवणार असाल तर माझा निम्मा विरोध गेला. लव्हाळ्याला मात्र खुरपंच लागेल, ताई.