मदत हवी आहे: आंबट बिअरमधला व्हिनेगरचा वास, शैली की दोष?

ओकच्या पिंपात दीड वर्ष मुरवलेली फ्लँडर्स रेड (बेल्जियमची आंबट, लालसर बिअर) काल उघडली. पहिल्या घोटाला बिअर वाटलीच नाही, सरळ रेड वाइन: चेरी, ओलं लाकूड, जिभेच्या कडा आवळणारा तुरटपणा. मागोमाग व्हिनेगरचा झणका नाकात! आधी फ्रिजमधून काढून थेट ओतली, मग वाइनच्या ग्लासात १२ अंशांपर्यंत येऊ दिली. फळं खुलली, पण व्हिनेगरही. बूच घट्ट होतं, मुदतही शिल्लक आहे. बिघाडाची खूण असलेला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मात्र नाही. लाकडातून झिरपणाऱ्या हवेमुळे थोडं ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधलं आम्ल) या शैलीत येतंच, हे ठाऊक आहे. (दुसऱ्या बिअरमध्ये मिसळायला सांगू नका, जीव होणार नाही.) त्याच खेपेची आणखी एक बाटली न उघडलेली आहे. वर्षभर ठेवली तर हा झणका मवाळ होईल, की आत्ताच पिऊन टाकू?