जपानमध्ये सज्ञान १८व्या वर्षी, मग सोहळा विसाव्याला का?

फुजीसान: परवा एका ग्रुपवर वाचलं: 'जपानचा सेइजिन नो हि (सज्ञान झालेल्या तरुणांचा जानेवारीतला सोहळा) म्हणजे दारू पिऊन धिंगाणा. आता १८व्या वर्षीच सज्ञान होतात, मग विसाव्याला देखावा कशाला? बंद करा.' डोकंच फिरलं! टीव्हीवर चार टवाळ पोरं दाखवली म्हणून लाखो मुलांचा दिवस मोडीत काढायचा? १९४६ साली, युद्धात होरपळलेल्या तरुणांना उमेद यावी म्हणून साइतामा प्रांतातल्या वाराबी गावाने मेळावा भरवला, तिथून हे सुरू झालं. २०२२ला कायद्याने सज्ञान वय १८ झालं तरी बहुतेक नगरपालिकांनी सोहळ्याचं वय २०च ठेवलं. १८व्या वर्षी ऐन जानेवारीत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा असते. पोरं अभ्यास करतील की किमोनोची मापं देतील?

रोखठोक: इतिहास राहू द्या. मतदान १८ला, क्रेडिट कार्ड आणि घरभाड्याचा करार १८ला स्वतःच्या सहीने. दोन वर्षांनी अभिनंदन कसलं करता?

नागोयाची आई: वयावर काय भांडताय, खर्चाचं बोला! फुरिसोदे, म्हणजे मुलींचा लांब बाह्यांचा किमोनो, भाड्याने घेतला तरी लाखभर येन सहज जातात. माझ्या लेकीला पहाटे पाचला पार्लरमध्ये नेलं. ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा, इतका आवळलेला की दिवसभर तिला पाठ टेकता आली नाही, लांब बाह्या सावरत कशीबशी दोन घास जेवली. आणि २०१८ला योकोहामात ऐन सोहळ्याच्या दिवशी किमोनोच्या दुकानदाराने शटर ओढलं, पैसे भरलेल्या मुली रडत उभ्या राहिल्या. विसरलात?

फुजीसान: दोष त्या दुकानदाराचा, सोहळ्याचा नाही. कितीतरी मुली आईचाच फुरिसोदे नेसतात.

नागोयाची आई: आणि माझ्याकडे कुठून येणार तो? मी सांगलीहून आले!

रोखठोक: मग पैठणी नेसवायची.

नागोयाची आई: सल्ला द्यायला काय जातंय? पैठणी काढून ठेवली होती मी. तिला वर्गमैत्रिणींच्या फोटोत वेगळं दिसायचं नव्हतं. आयुष्यभर 'तू मूळची कुठली' ऐकलेल्या मुलीला तो एक दिवस हवा होता.

फुजीसान: अहो ताई, मग माझंच म्हणणं खरं ना? तुम्हालाही तो दिवस हवाच होता.

नागोयाची आई: दिवस हवा होता, बिल नको होतं. माझ्या तोंडी तुमचं म्हणणं घालू नका.

रोखठोक: विषय पार भरकटवलात दोघांनी. परीक्षेचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण कॉलेजात न जाता १८व्या वर्षी कारखान्यात लागलेल्या पोराने दोन वर्षं का थांबायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

फुजीसान: कारण गाव सोडून गेलेले शाळासोबती त्या दिवशी परत येतात. त्या पोरालाच विचारा, त्याला कधी भेटायचंय.