बुसेमाच्या चित्रांवर शाई फिरवणारा हा अल्काला नक्की कोण?

जुनेअंकवाला:
सध्या मार्व्हलच्या 'सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान' या कॉमिक्स मासिकाचे (कोनान म्हणजे तलवारवाला रानटी योद्धा) सत्तरच्या दशकातले ब्लॅक अँड व्हाइट अंक वाचतोय. पेन्सिलीने काढलेली मूळ चित्रं जॉन बुसेमाचीच, पण काही गोष्टींत चित्रं एकदम वेगळीच दिसतात राव. 'ब्लॅक कोलोसस' घ्या, दगड, कापड, अंगावरचे स्नायू, सगळीकडे बारीक बारीक रेघा, एखादं जुनं कोरीव छापचित्र बघतोय असं वाटतं. इंकरचं नाव अल्फ्रेडो अल्काला. माझा समज असा होता की इंकर म्हणजे पेन्सिलीवरून शाई गिरवणारा माणूस, मग एवढा फरक कसा काय पडतो? आणि हा माणूस कोण, कुठला?

दौत_आणि_टाक:
फिलिपिन्सचा. जन्म 1925, निग्रोस ऑक्सिडेंटल प्रांतातलं तालिसाय. चित्रकलेचं कॉलेज वगैरे काही नाही, शाळाच लवकर सोडली, मग साइनबोर्ड रंगवले, लोहाराच्या कारखान्यात झुंबरं नि दिवे डिझाइन केले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी देश ताब्यात घेतला तेव्हा हा त्यांच्या तोफांच्या जागा नि ठाणी डोक्यात साठवायचा, घरी येऊन चित्रं काढायचा आणि ती अमेरिकन सैन्याकडे पोचवायचा. (सापडला असता तर कोनान राहिला बाजूला.) 1948 पासून तिथल्या 'कोमिक्स' म्हणजे चित्रकथांच्या मासिकांत काम सुरू झालं, पुढे इतका फेमस झाला की त्याच्या नावाचंच मासिक निघालं.

गिरवण्याबद्दल म्हणाल तर पेन्सिलीत नुसती बाह्यरेषा असली की सावली कुठे, कापड जाड की पातळ, उजेड कुठून येतोय हे सगळं इंकरच ठरवतो. आणि बुसेमा कोनानसाठी बऱ्याचदा नुसता ढाचाच काढून द्यायचा, म्हणजे आकृती, पोज, पॅनेलची म्हणजे पानावरच्या चौकटींची मांडणी. बाकी मैदान मोकळं, आणि मोकळी जागा दिसली की अल्कालाला राहवत नसे.

तिरकीरेघ:
माझं मत उलटं आहे, शिव्या घाला हवं तर. अल्कालाचं काम सुंदर आहे पण ते इंकिंग नाही, दुसऱ्याच्या चित्रावर स्वतःचं चित्र काढणं आहे. खुद्द बुसेमाही त्याच्यावर नाराज होता, माझी चित्रं यात उरतच नाहीत असा त्याचा सूर होता. कोनान तलवार फिरवतोय त्या पॅनेलमध्ये नजर तलवारीबरोबर धावली पाहिजे, इथे ती मागच्या खांबावरच्या नक्षीत अडकून बसते. ॲक्शन मरते तिथे.

मनिलामेल:
तिरकीरेघ, मुद्दा बरोबर आहे पण दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे. पेन्सिल एकाची नि शाई दुसऱ्याची ही अमेरिकन कारखान्याची पद्धत. फिलिपिन्समध्ये चित्रकार पेन्सिलपासून शेवटच्या काळ्या ठिपक्यापर्यंत सगळं स्वतःच करायचा, आणि अल्काला तर असिस्टंटसुद्धा ठेवत नसे. आठवड्याला एवढी पानं उरकायची म्हणून त्याने फाउंटन पेनासारखा शाई भरलेला ब्रश बनवून घेतला, म्हणजे दर रेघेला दौतीत बुडवायला नको. अशा माणसाला म्हणायचं की तू फक्त दुसऱ्याची रेघ पक्की कर? तो ऐकणारच नव्हता.

तो अमेरिकन कॉमिक्समध्ये पोचला तोही काळ बघा. टोनी डिझुनिगा हा फिलिपिनो चित्रकार आधीच डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीसाठी काम करत होता, त्याच्या सांगण्यावरून 1971 मध्ये डीसीचे कार्माइन इन्फान्टिनो आणि जो ऑर्लँडो मनिलाला गेले. मग नेस्टर रेडोंडो, ॲलेक्स निन्यो, अल्काला अशी चित्रकारांची फौजच मिळाली. पानं मनिलात काढायची नि पोस्टाने न्यूयॉर्कला पाठवायची. कौतुक भरपूर झालं पण त्यांना पानामागे मिळणारे पैसे अमेरिकन चित्रकारांपेक्षा कमी असायचे, हे सहसा कुणी बोलत नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच बोलायला हवं. अल्काला स्वतः 1976 मध्ये न्यूयॉर्कला गेला.

जुनेअंकवाला:
अरे वा, हे काहीच माहीत नव्हतं. मग पूर्ण त्याचं स्वतःचं असं काय बघू?

दौत_आणि_टाक:
'व्होल्टार'. 1963 चं आहे, म्हणजे मार्व्हलचा कोनान यायच्या सात वर्षं आधी हा मनिलात तलवारवाला रानटी योद्धा काढत बसला होता. लढाईच्या पानांवर घोडे, भाले, ढाली यांची नुसती दाटी, पण जवळून बघितलं की रेघांची दिशा बदलते तिथे आकार बदलतो, काळा डाग फार कमी वापरलाय. पुढे 1980 च्या सुमारास वॉरन या प्रकाशकाच्या 'द रूक' मासिकात तो अमेरिकेतही आला.

डीसीच्या 'हाउस ऑफ मिस्टरी'मधल्या भुताच्या गोष्टी पण बघाच, तिथे पेन्सिल नि शाई दोन्ही त्याची. वर्तमानपत्रातली 'स्टार वॉर्स' स्ट्रिप काही काळ केली, ऐंशीच्या दशकात बॅटमॅनमध्ये डॉन न्यूटनच्या नि 'स्वॅम्प थिंग' या दलदलीतल्या राक्षसाच्या कॉमिकमध्ये रिक व्हीचच्या पेन्सिलीवर इंकिंग केलं. दलदल, मुळं, शेवाळ म्हणजे त्याच्यासाठी मेजवानीच. 2000 मध्ये गेला.

तिरकीरेघ:
स्वॅम्प थिंगच्या बाबतीत मी हरलो, तिथे तो परफेक्ट बसतो. बाकी एक, मोबाइलवर बघू नका, छोट्या स्क्रीनवर त्या रेघांचा नुसता करडा चिखल होतो.