तुलना नेमकी कुणाशी? इंग्रजी वाक्यांनी केलेले घोळ (अनुभव धागा)

माजघर :
नातीच्या नववीच्या गृहपाठात काल "ही डज नॉट ड्रिंक लाइक हिज फादर" हे वाक्य आले आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाआधीचे, १९९४ सालचे एक पत्र आठवले. मुलाच्या काकांनी त्यात नेमके हेच लिहिले होते. आमच्या वडिलांनी अर्थ असा लावला की होणारे व्याही भरपूर पितात आणि मुलगा तितकी पीत नाही, म्हणजे थोडी घेतोच! काकांना मात्र दोघेही पीत नाहीत, एवढेच सांगायचे होते. 'लाइक हिज फादर' हे शब्द स्वल्पविरामासह वाक्याच्या आरंभी असते, तर 'नॉट'ची सत्ता त्यांच्यावर चालली नसती. शेवटी आल्यामुळे ते 'ड्रिंक'ला चिकटले आणि पिण्याची रीत सांगू लागले. आपलेही असे प्रसंग लिहावेत.

हिंगाची डबी :
मराठीत तरी कुठे सुटका आहे? "वडिलांसारखा तो पीत नाही" याचेही दोन अर्थ निघतात. मी "वडिलांप्रमाणे तोही" असा 'ही' जोडते. कुकरची शिट्टी झाली, उरलेले नंतर लिहिते.

दुपारची लोकल :
एका ग्राहकाला मी "वी ट्रस्ट धिस सप्लायर मोर दॅन यू" असे कळवले. तुमचा त्या पुरवठादारावर जेवढा विश्वास आहे त्याहून आमचा अधिक आहे, असे मला म्हणायचे होते. आमचा तुमच्यापेक्षा त्याच्यावर अधिक विश्वास आहे, असे त्यांनी वाचले. 'ही' आणि 'हिम' यांत निदान रूप बदलते, 'यू' मात्र कर्ता असो वा कर्म, तसाच राहतो. तेव्हापासून मी न चुकता 'दॅन यू डू' लिहितो.

तोक्योकर :
जपानमध्ये इंग्रजी शिकवताना "अ व्हेल इज नो मोर अ फिश दॅन अ हॉर्स इज" हे वाक्य इतके वापरले जाते की त्या रचनेला देवमाशाचेच नाव पडले आहे. घोडा जसा मासा नाही तसाच देवमासाही नाही, असा त्याचा अर्थ. 'दॅन'नंतर नकार कुठेही दिसत नाही, तरी तो घोड्यालाही लागतो. हे मुलाला मराठीतून समजावताना "देवमासा हा मासा नाही" या पहिल्याच वाक्याला तो हसू लागला आणि घोड्यापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

हिंगाची डबी :
माजघर, व्याकरण राहू द्या, लग्नाचे काय झाले ते आधी सांगा.

माजघर :
झाले. वडिलांनी बापलेकांना जेवायला बोलावून समोर कोकम सरबत ठेवले, आणि व्याह्यांनी त्याचेच तीन पेले रिचवले.